वाचनालयाच्या वेबसाइटवर फाइल चढवायची आहे? आधी हे वाचा

संध्याकाळी वाचनकक्षात एक ज्येष्ठ सभासद मोबाइल हातात धरून माझ्या टेबलापाशी आले. "ताई, अहवाल उघडतच नाही हो." पडद्यावर 'पान सापडले नाही' असा संदेश होता. दोन महिन्यांपूर्वी वार्षिक अहवालाची लिंक मीच सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. नंतर ताळेबंदात एक आकडा चुकल्याचं लक्षात आलं, म्हणून जुनी पीडीएफ काढून टाकली आणि दुरुस्त केलेली चढवली. काम झालं, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ग्रुपवरची लिंक, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना गेलेल्या ईमेलमधली लिंक आणि दारावरच्या सूचनाफलकावर चिकटवलेला क्यूआर कोड, तिन्ही त्याच दिवशी निकामी झाले होते.

ग्रंथालयात काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की पुस्तक आधी दाखल नोंदवहीत चढतं आणि मग कपाटात जातं. दाखल क्रमांक एकदा पडला की तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. वेबसाइटवरच्या फाइलचा पत्ता हा तिचा दाखल क्रमांकच आहे. तो लोकांनी जपून ठेवलेला असतो, आणि कुणी कुठे ठेवलाय हे आपल्याला कधीच कळत नाही. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बराच मनस्ताप वाचला असता, म्हणून हा लेख.

वाचनालय, शाळा, गृहनिर्माण संस्था, मंडळ, कुठल्याही संस्थेची वेबसाइट 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना, मग तुम्हीच बघा' असं म्हणून ज्यांच्याकडे आली आहे, त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. आमची वेबसाइट वर्डप्रेसवर चालते. वर्डप्रेस ही वेबसाइट बनवायची आणि सांभाळायची प्रणाली २००३ साली आली, ती फुकट आहे आणि छोट्या संस्थांच्या कितीतरी वेबसाइट तिच्यावरच उभ्या असतात. तुमची दुसऱ्या प्रणालीवर असली तर बटणांची नावं बदलतील, पण अडचणी याच येतील.

१. बसण्याआधी हाताशी काय हवं

- स्वतःच्या नावाचं लॉगिन. अध्यक्षांचा किंवा वेबसाइट बनवून देणाऱ्याचा पासवर्ड वापरू नका.
- फोटो लहान करण्याचं साधन. विंडोजमधलं पेंट चालतं. ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश त्याहून सोयीचं, कारण फोटो किती हलका झाला ते तिथे समोरच दिसतं.
- कागद स्कॅन करायला स्कॅनर किंवा मोबाइलमधलं स्कॅनिंग ॲप.
- कॉम्प्युटरवर एक वेगळा फोल्डर. वेबसाइटवर जे जे जाईल त्याची मूळ प्रत तिथे राहिली पाहिजे.
- एक नोंदवही. मी गूगल शीट ठेवली आहे. तारीख, फाइलचं नाव, पूर्ण पत्ता, कुठल्या पानावर लावली, आणि लिंक बाहेर कुणाकुणाला दिली, असे पाच रकाने.

लॉगिनबद्दल थोडं अधिक सांगते, कारण नवा माणूस पहिल्यांदा इथेच अडतो. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकाला एक भूमिका दिलेली असते. 'कॉन्ट्रिब्युटर' असाल तर लेख लिहिता येतो, पण फाइल चढवता येत नाही. बटण दिसत नाही म्हणून लोक तासभर शोधत बसतात, आणि मुळात परवानगीच नसते. 'ऑथर'ला फाइल चढवता येते आणि स्वतःच्या फाइली काढता येतात. 'एडिटर'ला इतरांच्याही फाइली हाताळता येतात. रोजच्या कामाला 'एडिटर' पुरेसं आहे. 'ॲडमिनिस्ट्रेटर' मागू नका, देऊ केलं तरी वेगळं लॉगिन ठेवा. एका चुकीच्या क्लिकने अख्खी वेबसाइट बंद पडण्याची भीती मग रोजच्या कामात राहत नाही.

२. फाइल जाते कुठे, ते समजून घ्या

'मीडिया लायब्ररी' उघडली की फोटोंची जाळी दिसते आणि वाटतं, फाइली इथेच आहेत. खरं तर एका फाइलच्या दोन गोष्टी दोन ठिकाणी असतात. प्रत्यक्ष फाइल सर्व्हरवरच्या, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या दूरच्या कॉम्प्युटरवरच्या, 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा. आणि तिची नोंद, म्हणजे शीर्षक, वर्णन, कुणी कधी चढवली, हे सगळं डेटाबेसमध्ये. कपाट आणि दाखल नोंदवही, तसंच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, सर्व्हरच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीने (वर्डप्रेसला वगळून सर्व्हरवर फाइल पाठवायच्या पद्धतीने) फाइल थेट फोल्डरमध्ये टाकली तर ती मीडिया लायब्ररीत दिसत नाही. पुस्तक कपाटात आहे पण नोंदवहीत नाही, अशी गत. दोन, मार्चमध्ये चढवलेल्या फाइलच्या पत्त्यात मार्चचा आकडा असतो. तीच फाइल काढून मे महिन्यात पुन्हा चढवली तर ती मे महिन्याच्या फोल्डरमध्ये जाते. नाव अक्षरशः तेच असलं तरी पत्ता नवा. माझ्या अहवालाचं नेमकं हेच झालं होतं.

फोटोंच्या बाबतीत आणखी एक. तुम्ही एक फोटो चढवता तेव्हा वर्डप्रेस त्याच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती बनवतं. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोचं माप साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल असतं. २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून, कुठलीही बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असली तर वर्डप्रेस तिची २५६० ची प्रत करून वापरतं आणि मूळही ठेवतं. त्याखेरीज २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० पिक्सेलच्या प्रती. म्हणजे तुमच्या एका फोटोच्या सर्व्हरवर आठ फाइली झाल्या. वेबसाइटच्या थीमने, म्हणजे तिचं रंगरूप ठरवणाऱ्या साच्याने, स्वतःची मापं जोडली असतील तर आणखी. कार्यक्रमाचे ६० फोटो सरसकट चढवले की ४८० फाइली. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये, म्हणजे सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत, जागेवर मर्यादा असते, आणि बऱ्याचदा फाइलींच्या संख्येवरही.

३. नाव कॉम्प्युटरवरच ठरवा

फाइलचं नाव चढवण्याआधी बदलायचं. चढवल्यावर मीडिया लायब्ररीत जे 'टायटल' बदलता येतं ते फक्त नोंदीतलं शीर्षक. पत्त्यातलं नाव त्याने बदलत नाही.

मला मराठीचा अभिमान आहे आणि सुरुवातीला मी सगळ्या फाइलींना देवनागरीत नावं दिली होती. वेबसाइटवर ती उघडतातही. पण अशा फाइलचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की काय होतं ते एकदा पाहा. ब्राउझर प्रत्येक देवनागरी चिन्हाचं टक्क्याची खूण आणि रोमन अक्षर-आकड्यांत रूपांतर करतो. देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. 'वाचनालय' या शब्दात काने धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्या एका शब्दाची पत्त्यात ६३ अक्षरं. 'सार्वजनिक वाचनालय वार्षिक अहवाल' असं पूर्ण नाव दिलं तर लिंक तीन-चार ओळींची होते, आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. आमच्या एका सभासदांनी खरोखरच घाबरून ती उघडली नाही.

दुसरा धोका याहून मोठा. लिनक्स सर्व्हरवर फाइलचं नाव सहसा २५५ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीत ती मर्यादा ८५ चिन्हांवर येते, आणि फोटोच्या प्रतींना वर्डप्रेस शेवटी मापही जोडतं. शिवाय वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवताना झिप फाइल उघडली की देवनागरी नावांचा चुथडा होऊ शकतो. तो झाला की डेटाबेसमध्ये एक नाव आणि फोल्डरमध्ये दुसरंच.

म्हणून मी आता नियम केला आहे: शीर्षक, वर्णन, पानावरचा मजकूर सगळं मराठीत; फाइलचं नाव मात्र मराठी शब्दांचंच, पण रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ. विषय आधी, मग वर्ष. उदाहरणार्थ 'वार्षिक-अहवाल-२०२४-२५' हे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. कार्यक्रमाचा फोटो असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि मग दोन-तीन शब्द. हा क्रम पाळला की यादी आपोआप तारखेनुसार लागते.

'फायनल', 'फायनल-२', 'नवीन', 'दुरुस्त' हे शब्द नावात नकोत. दोन वर्षांनी 'नवीन' कुठलं ते तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो त्याच्या 'व्हॉट्सॲप इमेज' अशा नावानिशी चढवू नका. असे पन्नास फोटो जमले की शोधणं अशक्य होतं.

४. फोटो हलका करा

पानावर दाखवायच्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल पुरे. जेपेग, गुणवत्ता ८० च्या आसपास. चार-पाच एमबीचा फोटो याने बहुधा तीन-चारशे केबीवर येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. तालुक्याच्या गावात, एसटीत बसून, एका काडीच्या नेटवर्कवर आपलं पान उघडणाऱ्या वाचकाचा विचार करा. वेबपी हा प्रकारही वर्डप्रेस २०२१ पासून, म्हणजे ५.८ पासून, घेतं आणि तो आणखी हलका पडतो. पोस्टर, तक्ता, स्क्रीनशॉट अशा अक्षरं असलेल्या चित्रांना पीएनजी बरं, कारण जेपेगमध्ये अक्षरांच्या कडा धुरकट होतात.

आयफोनवाल्यांचे फोटो 'एचईआयसी' प्रकारात येतात. वर्डप्रेसच्या ६.७ पासून त्यांचं आपोआप जेपेग होतं, पण सर्व्हरची तशी तयारी असेल तरच. पाठवणाऱ्याला जेपेग करून पाठवायला सांगणं सोपं.

मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. वर्डप्रेसच्या लहान प्रतींमधून ही माहिती निघेलच असं नाही, आणि मूळ फाइलमध्ये तर ती राहतेच. कार्यक्रम वाचनालयातच झाला असेल तर काही बिघडत नाही. पण एखाद्या लेखिकेची मुलाखत तिच्या घरी घेतली असेल तर तिच्या घराचा पत्ता आपण जगाला देऊन बसतो. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यातलं 'डिटेल्स' उघडा. खाली ही माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो.

५. पीडीएफ: इथे घाई करू नका

आमच्यासारख्या संस्थांच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त पीडीएफच असतात, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्यातच.

पीडीएफ तीन तऱ्हेच्या असतात. पहिली, कागदाचा स्कॅन. तिच्यात अक्षरं नसतात, फक्त चित्र असतं. दुसरी, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरं. तिसरी, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेली. आपली कुठली ते ओळखायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही तर स्कॅन. चिकटवल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली तर जुना फॉन्ट. मराठी उमटलं तर युनिकोड.

याने काय फरक पडतो? पहिल्या दोन तऱ्हांत 'अहवाल' शोधलं तर पीडीएफच्या आत सहसा काहीच सापडत नाही, आणि गूगलवरही सापडेल याची खात्री नसते. दृष्टिहीन वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर स्कॅनपाशी गप्प बसतं आणि जुन्या फॉन्टपाशी अर्थहीन अक्षरं बडबडतं. वाचनालयाने तरी असं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मूळ मजकूर टाइप करणाऱ्याकडे असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या आणि वर्डमधून थेट 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून चढवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सही-शिक्क्याची प्रत लागतच असेल तर दोन्ही ठेवा: वाचायला युनिकोडची, पुराव्याला स्कॅनची. फक्त स्कॅनच हातात असेल तर तो गूगल ड्राइव्हवर टाका आणि 'गूगल डॉक्स'मध्ये उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. जोडाक्षरं आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासून घ्या.

युनिकोडची पीडीएफ असली तरी एक उणीव राहते. तिच्यातून कॉपी करताना पहिली वेलांटी जागा सोडते, रफार भलतीकडे जातो. म्हणून महत्त्वाची माहिती फक्त पीडीएफमध्ये कोंडू नका. सभेची तारीख, वेळ, जागा, विषय एवढं तरी पानावर मजकूर म्हणून लिहा आणि खाली पीडीएफ जोडा. मोबाइलवर बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

स्कॅन करताना ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा. ए-४ पान त्यात २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, वाचायला आणि छापायलाही पुरतं. मजकुराचं पान रंगीत स्कॅन करू नका, ग्रेस्केल करा. मोबाइलने काढत असाल तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, स्वतःची सावली पानावर न पडू देता. पानं सरळ आहेत ना, क्रमाने आहेत ना, हे चढवण्याआधी एकदा पाहा. आमच्या एका इतिवृत्तात चौथं पान उलटं होतं आणि ते पाच महिने कुणी सांगितलं नाही.

६. आता चढवा

१. डाव्या मेनूत 'मीडिया', त्यात फाइल जोडण्याचा पर्याय. फाइल ओढून त्या चौकटीत टाका किंवा 'सिलेक्ट फाइल्स' दाबा.
२. चौकटीखाली कमाल आकार लिहिलेला असतो. तो आधी वाचा.
३. पट्टी पूर्ण भरेपर्यंत दुसरं काही करू नका. एका वेळी दहा-बारा फोटोंपेक्षा जास्त टाकू नका.
४. फाइलवर क्लिक करून शीर्षक आणि वर्णन लगेच भरा. 'नंतर भरू' म्हटलं की ते राहतंच.
५. 'कॉपी यूआरएल' दाबून पत्ता नोंदवहीत चिकटवा.
६. तो पत्ता ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. लॉगिन न केलेल्या वाचकाला काय दिसतं ते तिथेच कळतं.

अडलं तर बहुधा यांपैकी एक कारण असतं. फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे असा संदेश आला, तर ती मर्यादा वर्डप्रेसची नसून सर्व्हरवरच्या पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची, आहे. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या एकूण मजकुराला ८ एमबी अशी मर्यादा असते. होस्टिंगवाले ती वाढवून देतात. वाढवायला सांगताना दोन्ही वाढवायला सांगा. एकच वाढवली तर दुसरीशी अडतं. पण त्याआधी स्वतःला विचारा, २० पानांचा अहवाल ३० एमबीचा कसा झाला? उत्तर बहुतेक वेळा 'रंगीत स्कॅन' हेच असतं.

'हा प्रकार चढवायची परवानगी नाही' असं आलं तर फाइलचा प्रकार पाहा. एसव्हीजी प्रकारचं बोधचिन्ह वर्डप्रेस मुळात घेत नाही, कारण त्यात घातक कोड लपवता येतो. पीएनजी करून घ्या. फोटो चढला पण शेवटी 'सर्व्हर व्यग्र आहे' अशा अर्थाचा संदेश आला, तर प्रती बनवताना सर्व्हर दमला आहे. लहान करून पुन्हा टाका.

व्हिडिओ आपल्या होस्टिंगवर चढवू नका. यूट्यूबवर टाका आणि पानावर त्याची लिंक चिकटवा.

७. फोटोचं वर्णन

'ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट' नावाची चौकट बहुतेक जण रिकामी सोडतात. दृष्टिहीन वाचक मोबाइलमधलं टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए वापरतो तेव्हा फोटोच्या जागी हेच वाक्य त्याला ऐकू येतं. नेटवर्क अडलं आणि फोटो उघडला नाही तर इतरांनाही हेच दिसतं.

वाचन प्रेरणा दिनाचा, १५ ऑक्टोबरचा, आमचा एक फोटो घ्या. त्याला आधी 'कार्यक्रमाचा फोटो' असं लिहिलं होतं. त्यातून काहीच कळत नाही. आता तिथे आहे: 'वाचनकक्षात सतरंजीवर गोल करून बसलेली मुलं, मधोमध एक आजोबा पुस्तक उघडून मोठ्याने वाचत आहेत.' एवढंच पुरे. 'या फोटोमध्ये असे दिसते की' अशी सुरुवात करू नका, आणि नुसत्या शोभेच्या चित्राला काही लिहू नका.

एक खाच इथे आहे. फोटो पानावर लावल्यानंतर लायब्ररीत वर्णन बदललं तर आधी लावलेल्या पानावरचं वर्णन बदलत नाही. ते त्या पानावर जाऊन वेगळं बदलावं लागतं. म्हणून वर्णन आधी लिहा, फोटो मग लावा.

८. फाइल बदलायची असेल तर काढू नका

दुरुस्ती आली की हात आपोआप 'डिलीट'कडे जातो. थांबा.

वर्डप्रेसमध्ये पत्ता तोच ठेवून आतली फाइल बदलण्याची सोय मुळात नाही. त्यासाठी 'एनेबल मीडिया रिप्लेस' हे प्लगिन (वर्डप्रेसला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम) ॲडमिनिस्ट्रेटरकडून बसवून घ्या. ते दोन पर्याय देतं: फक्त फाइल बदला, किंवा नवं नाव घेऊन वेबसाइटवरच्या लिंक दुरुस्त करा. पहिला निवडा. दुसऱ्याने तुमच्या वेबसाइटच्या आतल्या लिंक सुधारतात, पण व्हॉट्सॲपवर, ईमेलमध्ये आणि छापलेल्या क्यूआर कोडमध्ये गेलेला पत्ता कुणीच सुधारू शकत नाही. पहिल्या पर्यायासाठी प्रकार तोच हवा, पीडीएफच्या जागी पीडीएफ.

बदलल्यावरही जुनीच फाइल दिसली तर घाबरू नका. ब्राउझरने किंवा वेबसाइटच्या कॅशे प्लगिनने जुनी प्रत धरून ठेवलेली असते. कॅशे रिकामी करा आणि इन्कॉग्निटोत पाहा.

दुरुस्ती केली हे लोकांना सांगायला मात्र हवं. आमच्या पानावर अहवालाखाली 'ताळेबंदातला आकडा दुरुस्त केला' आणि ज्या दिवशी केला ती तारीख अशी ओळ आहे. हिशेबाचा कागद गुपचूप बदलणं बरोबर नाही. आणि छापायचा क्यूआर कोड शक्यतो थेट पीडीएफचा करू नका. 'वार्षिक अहवाल' या पानाचा करा. पुढच्या वर्षी त्याच पानावर नवा अहवाल जोडला की फलक बदलावा लागत नाही.

९. जे चढवायचंच नाही

पान 'प्रायव्हेट' ठेवलं किंवा मसुदा म्हणून ठेवलं म्हणजे त्यातली पीडीएफ लपली, असा समज सर्रास आहे. तो खोटा आहे. पान लपतं, फाइल नाही. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला ती उघडते, आणि कुठून तरी लिंक मिळाली तर शोधयंत्रालाही सापडते.

म्हणून सभासदांची फोन नंबर-पत्त्यांसह यादी, आधार किंवा पॅनच्या प्रती, बँकेचा रद्द केलेला धनादेश, कर्मचाऱ्यांची पगारपत्रकं यांतलं काहीही वेबसाइटवर चढवू नका, 'जरा वेळ' म्हणूनही नको. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि संस्था लहान असली तरी लोकांची माहिती जपण्याची जबाबदारी तिच्यावर आहेच. अहवालात सह्यांचं पान असेल तर वेबसाइटच्या प्रतीतून ते वगळा. मुलांचे फोटो लावण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. आम्ही कार्यक्रमाच्या नोंदणी अर्जावरच त्यासाठी एक चौकट ठेवली आहे.

जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांना खुली करावीत असं प्रत्येक वाचनालयाला वाटतं. मलाही वाटतं. पण पुस्तक आपल्या कपाटात आहे म्हणजे त्याचा हक्क आपल्याकडे आहे असं नाही. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून पुढे ६० वर्षं त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. १९५० साली निधन झालेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्ष वेगळं मोजा, आणि नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचंही. गूगलवर सापडलेला फोटो तर मुळीच घेऊ नका. आपल्या सभासदांत हौशी फोटो काढणारा एक तरी असतोच. त्याला विचारा, तो आनंदाने देईल.

१०. साफसफाई आणि बॅकअप

मीडिया लायब्ररीत यादीच्या रूपात पाहिलं की 'अनअटॅच्ड' अशी गाळणी मिळते. नवा माणूस ती लावतो, दोनशे फाइली दिसतात, आणि 'या कुठेच वापरलेल्या नाहीत' म्हणून सगळ्या उडवतो. कृपा करून हे करू नका. 'अनअटॅच्ड' म्हणजे न वापरलेली नव्हे. ती कुठल्या पानातून चढवली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'मीडिया'तून थेट चढवून नंतर बाजूच्या पट्टीत किंवा पानाच्या तळाशी लावलेलं बोधचिन्हही तिथे दिसू शकतं. आणि मीडिया लायब्ररीला मुळात कचरापेटी नसते. लेख काढला तर तो काही दिवस पेटीत राहतो. फाइल काढली की ती त्याच क्षणी गेली, तिच्या सगळ्या प्रतींसह.

काढायचीच असेल तर नोंदवहीतले शेवटचे दोन रकाने पाहा. लिंक बाहेर गेली असेल तर फाइल राहू द्या.

लायब्ररीत फोल्डर नसतात म्हणून गोंधळ वाटत असेल, तर 'फाइलबर्ड'सारखं प्लगिन फोल्डर दाखवतं. ते फोल्डर फक्त पाहण्यापुरते असतात, त्यात हलवल्याने फाइलचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे निर्धास्त वापरा.

बॅकअप घेताना डेटाबेस आणि 'अपलोड्स' फोल्डर दोन्ही घ्या. 'अपड्राफ्टप्लस' हे प्लगिन दोन्ही घेऊन गूगल ड्राइव्हवर ठेवतं. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर गेल्यावर तोही जातो. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी, वाचनकक्ष उघडण्याआधी, बॅकअपची झिप उतरवते, त्यातली कुठलीही एक पीडीएफ उघडते, शेवटच्या पानापर्यंत जाते, आणि नोंदवहीत त्या फाइलसमोर तारीख टाकते.